लिलावाच्या यार्डात दोन दिवस: बोली लावण्याआधी गाडीची कुंडली कशी तपासली

ताईला गाडी हवी होती. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि दर वेळी टॅक्सीची वाट बघत उभं राहणं तिला जमेनासं झालं होतं. बजेट बेताचं, म्हणून दाजी म्हणाले, लिलावातली बघू. पाहणीच्या दिवशी एक आणि बोलीच्या दिवशी एक अशा यार्डाच्या दोन फेऱ्या झाल्या. पण अर्धं काम आदल्या रात्री घरीच उरकलं होतं, आणि तेच सर्वात उपयोगी पडलं.

यादी हातात आल्यावर आम्ही आधी मॉडेल बघितलं नाही. गाडी लिलावात का आली, ते बघितलं. हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून आणलेली असेल, तर शेवटच्या काही महिन्यांत मालकाने सर्व्हिसिंगवर पैसे घातले नसण्याची शक्यता मोठी. कंपनीच्या ताफ्यातली असेल, तर रनिंग जास्त पण सर्व्हिसिंग बहुधा वेळेवर. आणि विमा कंपनीकडून आलेली असेल, तर ती बहुतेक वेळा मोठ्या अपघातातली, पुरातली किंवा चोरीला जाऊन सापडलेली. कारण कळलं की काय शोधायचं ते कळतं.

मग चेसिस नंबर. १७ अक्षर-आकड्यांचा हा नंबर म्हणजे गाडीची जन्मखूण. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कागदावर तसं अक्षर दिसलं तर कुणीतरी उतरवताना चुकलंय किंवा काहीतरी काळंबेरं आहे. या नंबरावरून आम्ही तीन गोष्टी काढल्या: जुन्या नोंदींचा अहवाल, कर्जाचा बोजा शिल्लक आहे का, आणि कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही बसते का. ज्या गाड्यांचा पूर्ण नंबर मागूनही मिळाला नाही, त्या आम्ही यादीतून सरळ काढून टाकल्या. उरल्या तीन.

अहवालाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कुणीतरी कळवलेलं तेवढंच त्यात येतं. मालकाने विम्याचा दावा न करता गल्लीतल्या गॅरेजमध्ये रोखीने डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं असेल, तर अहवाल कोरा येणार. कोरा अहवाल म्हणजे निर्दोष गाडी नव्हे. म्हणून अहवाल छापून सोबत न्यायचा आणि गाडीशेजारी उभं राहून ओळ न् ओळ पत्र्याशी ताडायची.

पाहणीला आम्ही दार उघडताच पोहोचलो. चालवून बघायला मिळत नाही, फक्त इंजिन चालू करून देतात. ते थंड असतानाच सुरू झालेलं ऐकायचं असेल तर लवकर जायला हवं. सोबत टॉर्च, रंगाची जाडी मोजायचं मीटर, गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचे एरर कोड वाचायचं स्कॅनर आणि जुनी सतरंजी घेतली. स्कॅनर लावायला परवानगी आहे का, ते आधीच विचारून ठेवलं होतं.

पहिली गाडी पांढरी, चकचकीत. अहवाल कोरा. दार उघडलं तर अत्तराचा उग्र वास. दाजी काहीच बोलले नाहीत. मागच्या सीटवर बसून त्यांनी सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली आणि ओढतच राहिले. एरवी आपण बेल्ट हातभर बाहेर काढतो. त्यांनी तो पार शेवटपर्यंत काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती, चहाचा डाग वाळावा तशी, आणि रेघेखालचा पट्टा हाताला खरखरीत लागत होता. मग सीटखाली टॉर्च मारला: रुळांचे बोल्ट गंजलेले. डिकीत स्टेपनी उचलली तर तिच्या खळग्यातल्या सांध्यात मऊ गाळ. गाडी बुडालेली होती. अशा गाडीचं इंजिन आज सुरू होतं, पण वायरिंगचे जोड आतून सडत जातात आणि एअरबॅगचा कंट्रोलर नेमका कधी दगा देईल सांगता येत नाही. बाबांना त्यात बसवायची कल्पनाही नको वाटली.

दुसरी गाडी किलोमीटरच्या आकड्याने पकडली. डॅशबोर्डवर ६१,००० किलोमीटर, आणि अहवालात दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगची नोंद ८४,०००ची. नोंद चुकीची असू शकते, म्हणून आम्ही घाई केली नाही. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, चालकाच्या सीटची कड बसलेली. टायरवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ३२१९ असेल तर २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे निघाले. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण जास्त रनिंगच्या नोंदीशी ते जुळत होतं. स्कॅनर लावला तर जुने एरर कोड पुसून जेमतेम काही किलोमीटर झाले होते. पाहणीच्या तोंडावर कुणी कोड पुसले असतील, तर तिथेच थांबायचं.

तिसरी राखाडी हॅचबॅक, ताफ्यातली, रनिंग १,१२,०००. यादीत आकडा बघून मी तिला जवळजवळ खोडलं होतं. मीटर लावलं तेव्हा सगळीकडे रंगाची जाडी १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे कंपनीचाच रंग. फक्त डावं मागचं दार ३२०, म्हणजे नंतर परत रंगवलेलं. माझं मन खट्टू झालं. पण दाजींनी अहवाल पुढे केला: तीन वर्षांपूर्वीचा छोटा दावा, डावं मागचं दार. त्या दाराच्या काचेवरच्या वर्षाचा कोडही बाकी काचांशी जुळत होता, म्हणजे काच फुटण्याइतका मार नव्हता. दाराशेजारच्या खांबाला वेल्डिंग नाही, बिजागरीच्या बोल्टवरचा रंग शाबूत. ज्या गाडीचा मार कागदावर आहे आणि कागदावरचा मार नेमका तिथेच पत्र्यावर सापडतो, तिच्यावर मी कोऱ्या अहवालवालीपेक्षा जास्त विश्वास ठेवीन.

एअरबॅगचा दिवाही बघा. किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंद पेटून विझायला हवा. मुळीच पेटला नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सीटबेल्ट अडकून बसला असेल तर टक्करीच्या वेळी बेल्ट झटक्यात आवळणारं यंत्र (प्रीटेन्शनर) उडालेलं असू शकतं.

बोलीच्या सकाळी परत चेसिस नंबर ताडला: पत्र्यावर ठोकलेला, काचेखालच्या पट्टीवरचा आणि नोंदणीपत्रावरचा. ठोकलेल्या नंबराभोवती घासल्याच्या खुणा किंवा वेगळा रंग नाही ना, तेही बोट फिरवून बघितलं. जास्तीत जास्त किती जायचं तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवला होता. त्यात लिलावाचं शुल्क, कर, टोइंग, नोंदणी बदलणं आणि पहिल्या दुरुस्त्या आधीच वजा केल्या होत्या. बोली सुरू झाली की समोरचा हात वर करतो आणि आपलाही हात आपोआप वर जायला लागतो, म्हणून तो कागद लागतोच. लिलावात गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ मिळते. नंतर परत करू म्हणाल तर ऐकणारं कुणी नसतं. पांढरी गाडी आमच्या डोळ्यांदेखत चढत्या बोलीने गेली. घेणारं जोडपं तरुण होतं. त्यांनी सीटबेल्ट ओढून बघितला होता का, हा प्रश्न मला अजूनही पडतो आणि वाईट वाटतं.

राखाडी आम्हाला लिहिलेल्या आकड्याच्या आतच मिळाली. ताब्यात घेताना दोन्ही किल्ल्या आणि मूळ कागद मोजून घेतले, विमा त्याच दिवशी काढला, आणि ती चालवत न नेता टोइंगने गॅरेजला नेली. फाइलमध्ये ९०,००० किलोमीटरला इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल होतं. तरी दाजींनी कव्हर उघडून बघायला सांगितलं. मेकॅनिकने कव्हर काढलं, आतली धूळ फडक्याने पुसली, आणि आम्हाला वाकून बघायला बोलावलं. आतल्या बाजूला चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहिलेले होते. दाजींनी फाइलमधलं बिल शेजारी धरलं. तीच तारीख, तेच किलोमीटर.