खवट

मी पीएचडीला लागले त्या वर्षी दिवाळीत आत्यानं विचारलं, “तू तिकडे नक्की करतेस काय गं?” म्हटलं, “चिलटांना वास देते.” सगळे हसले. आत्या हसली नाही. म्हणाली, “कसला?”

आत्या सांगलीत घरी मसाले करून विकते. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट. तिच्या कढईजवळ घड्याळ नसतं. धणे कधी उतरवायचे, खोबरं अजून चार हात मागतंय का, सगळं नाकावर. त्यामुळे वासासाठी कुणी मला पैसे देतं याचं तिला नवल नव्हतं. कसला, एवढंच तिला हवं होतं.

तर केळ्याचा आणि कडू बदामाचा. बाटल्यांवर नावं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट आणि बेंझाल्डिहाइड. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात तीच चिलटं, म्हणजे फळमाशा, काचेच्या नळीत सोडायची. नळीला पुढे दोन फाटे. एकातून वासाची हवा, दुसऱ्यातून साधी. कुठे किती गेली ते मोजायचं. पाच वर्षं मोजलं.

या मोजणीला आपल्याकडे घराणं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज, केनियात जन्मलेली पण मूळची गोव्याच्या घरातली, १९७०च्या दशकात हेच करत होते: एखादा वास ज्यांना येतच नाही अशा माशा शोधायच्या आणि त्यांच्या जनुकांत काय बिघडलंय ते बघायचं. नाकात वास पकडणाऱ्या प्रथिनांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना उंदरांत सापडली ती १९९१ मध्ये. २००४ चं नोबेल त्याचंच. माशीची सापडायला १९९९ उजाडलं. उंदराकडे ती हजारेक, आपल्याकडे ४००च्या आसपास, चिलटाकडे ६०. तेवढ्यात ते तुमच्या ओट्यावरचं केळं तुमच्याआधी हेरतं.

माझा सगळ्यात मोठा शोध तीन आठवडे टिकला. बेंझाल्डिहाइडपासून माशा लांब पळतात. आमचा एक वाण मात्र दोन्ही फाट्यांत सारखाच जायला लागला. म्हणजे याला हा वास येत नाही! मी वहीत शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा लिहून टाकलं. मग एका रात्री साध्या हवेची रबरी नळी काढून सहज नाकाला लावली. बदाम! रबरानं वास पिऊन घेतला होता आणि आता ‘साध्या’ बाजूनं सावकाश सोडत होतं. तुलनेसाठीच्या माशा मी दुसऱ्याच नळीवर चालवल्या होत्या, तो गाढवपणा सर्वस्वी माझा. तेव्हापासून नळ्या टेफ्लॉनच्या, आणि प्रत्येक वासाची वेगळी. प्रयोगाच्या दिवशी गजरा नाही, अत्तर नाही, डब्यात लसणाची चटणी नाही. वासावर काम करणाऱ्याचा निम्मा जन्म वास बाहेर ठेवण्यात जातो.

पुढे परदेशात उंदरांवर काम केलं. तिथल्या सहकाऱ्यांचे वासाचे शब्द बहुतेक ‘अमक्यासारखे’ असायचे, केळ्यासारखा, साबणासारखा. माझ्याकडे कुबट, खवट, आंबूस, करपट, वशट असा गावाकडून आणलेला ऐवज होता. ‘खमंग’ समजावताना मात्र पंधरा मिनिटं गेली. भाजलेलं का? नव्हे, भाजलेलं नव्हे, भाजून बरोबर झालेलं. मलाय द्वीपकल्पातल्या जहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी असेच स्वतंत्र शब्द आहेत आणि ते रंगांइतक्या सहज वास सांगतात, असं आसिफा मजीद यांनी २०१४ मध्ये दाखवलं, तेव्हा मला उगाचच आपल्या बाजूनं कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

२०२१च्या मे महिन्यात आत्याला कोविड झाला. बरी झाली, पण वास गेला. दोन-अडीच महिन्यांनी परत आला तो भलताच. परतलेल्या कांद्याला गटाराचा वास, कॉफीला जळक्या रबराचा. “तू एवढं शिकलीस ना वासाचं?” फोनवर म्हणाली. पुढचं बोलली नाही.

मी सांगितलं. विषाणू प्रामुख्यानं वासाच्या चेतापेशींवर नाही, त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. आधार गेला की त्याही कोलमडतात. नाकातल्या चेतापेशी नव्यानं उगवतात हे आपलं भाग्य. पण प्रत्येकीला नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून तंतू वर घालून मेंदूत आपली ठरलेली जागा गाठायची असते. काही जणी चुकीच्या दारात जात असाव्यात, असा आमचा अंदाज. आणि भाजताना गंधकाचे, नायट्रोजनचे जे रेणू तयार होतात ते नाक अगदी कणभर असले तरी पकडतं. अशा वेळी नेमके तेच विकृत वाटतात. म्हणजे आत्याचं खमंगच बिघडलं होतं.

इलाज? ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही सांगितलं. आत्या म्हणाली, “तिन्ही आहेत घरात. गुलाबाला गुलकंद चालेल का?”

त्या काळात कढईशी सून उभी असायची. आत्या शेजारी बसून खोबऱ्याचा रंग बघायची आणि विचारायची, “आता? आता कसा येतोय?” सून म्हणायची, “छान येतोय.” आत्या भडकायची. छान हा काय वास आहे?

जानेवारीत फोन आला. दोन्ही वेळा हुंगणं बारा आठवड्यांनंतरही चालूच होतं. पुढे जे झालं ते हुंगण्यामुळे की नुसत्या दिवसांमुळे, मला सांगता येणार नाही. तुलनेला दुसरी आत्या नाही. आत्या बाजारात गेली होती, पोत्यातली खोबऱ्याची एक वाटी उचलून सवयीनं नाकाला लावली, आणि थांबली.

“खवट होती गं,” आत्या म्हणाली. आवाज असा, की नातू झाल्याचं सांगतेय. “दुकानदार म्हणतो, मावशी, ताजा माल आहे. म्हटलं, मला सांगतोस?”

वीस किलो घ्यायला गेली होती. रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि आधी मला फोन केला.