उतारावर बंद न पडणारी गाडी

कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेली जुनी) गाडी सुरू होऊन बंद पडते अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो, बंद पडते म्हणजे नक्की कशी पडते? चावी स्टार्टवरून सोडल्या सोडल्या गप्प होते, का मिनिटभर चालून आचके देत मरते, का चांगली गरम झाल्यावर बसते? कारण प्रत्येकाचा रोग वेगळा. चावी सोडताच मेली तर बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅलास्ट रेझिस्टर उडालेला निघतो, स्टार्टर फिरताना कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) थेट बॅटरीचं करंट जातं म्हणून इंजिन पकडतं आणि चावी मागे आली की करंट त्या रेझिस्टरमधून जायला बघतं, तिथे वाट तुटलेली, खेळ खलास. हे सगळं मला पाठ आहे, वर्षानुवर्षं हेच करतोय, आणि तरी त्या एका गाडीने मला अख्खा दिवस नाचवलं.

गाडी टो करून आली. सोबत मालक, वयस्कर काका, आणि डिकीत बदललेल्या पार्टचं गाठोडं. जुने प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्बोरेटरच्या किटचे उरलेले गॅस्केट. आधी दोन मिस्त्री झाले होते. एकाने इग्निशनचं, म्हणजे ठिणगीचं, जे जे बदलता येतं ते बदललं, दुसऱ्याने कार्ब दोनदा खोलून धुतला. तक्रार जशीच्या तशी. सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात सुरू, स्लो (रेस न देता इंजिन चालणं) एकदम सुंदर, आणि दोन-अडीच मिनिटांनी आवाज पातळ होत होत बंद. पाच-सात मिनिटं थांबलं की परत तेच.

काका बोलता बोलता म्हणाले, "मिस्त्री, एक गंमत सांगू का, उतारावर ही कधीच बंद पडत नाही."

मी म्हटलं, अहो काका उतारावर कुठलीही गाडी चांगलीच चालते. आणि कामाला लागलो. हे वाक्य आता लिहिताना पण लाज वाटते.

एअर क्लीनर काढला, गाडी सुरू केली, बंद पडू दिली, आणि लगेच कार्बच्या तोंडात टॉर्च मारून हाताने रेसची दांडी ओढली. ही टेस्ट फुकटची आहे आणि लोक करतच नाहीत. बाउलमध्ये, म्हणजे कार्बच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या (रेस देताना जास्तीचं पेट्रोल मारणारा कार्बमधला छोटा पंप) नळीतून पिचकारी दिसते. इथे पिचकारी नाहीच, थेंब पण नाही. म्हणजे बाउल रिकामा. म्हणजे प्लग, पॉइंट, कॉइल सगळं निर्दोष, उगाच बदललं. हिशोब पण जुळत होता, असलं इंजिन स्लोवर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला पंधरा-सोळा मिली, आणि बाउलमध्ये मावतं ते कपभर सुद्धा नाही. अडीच मिनिटांत संपतं याचा अर्थ मागून भरणा जवळपास होतच नाहीये.

मग बाउलमध्ये का येत नाही? नीडल (बाउलमध्ये पेट्रोल येण्याची वाट उघडबंद करणारी सुई) चिकटलेली, फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून ती सुई हलवणारा भाग) उंची चुकलेली, फिल्टर चोक, टाकीतून पेट्रोल ओढून कार्बला देणारा पंप कमजोर, टाकीच्या झाकणाचं भोक बंद, नाहीतर लाइन तुंबलेली. कार्ब मी स्वतः खोलला कारण दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगतो, त्या मिस्त्रीचं काम स्वच्छ होतं, फ्लोट हलका, नीडलला खाच नाही. पंपाचा आउटलेट बाटलीत सोडून सेल्फ मारला तर पहिल्या पाच-सहा ठोक्यांना जोरात पिचकारी, मग बारीक, मग नुसते बुडबुडे. म्हटलं सापडला, डायफ्राम (पंपातला हलणारा पडदा) गेलाय. इंजिनाच्या कॅमवर चालणारा साधा पंप, त्याचं प्रेशर असून असून किती, ०.२-०.३ बार, त्यात डायफ्रामला चीर गेली तर संपलंच.

तरी पंप बदलायच्या आधी लाइन तपासली. पंपाकडचा पाइप काढला, टाकीचं झाकण उघडलं आणि कॉम्प्रेसरची हवा अगदी हळू मागे सोडली. टाकीत गुडगुड गुडगुड मस्त आवाज. माझ्या हाताखालचा पोरगा मागे कान लावून उभा होता, म्हणाला, "लाइन एकदम क्लिअर आहे." मी पण मान डोलावली. नवा पंप बसला, गाडी सुरू झाली, मी हात पुसत पुसत काकांकडे बघून हसलो, आणि दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी ती बंद पडली.

काका काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

झाकण उघडं ठेवून बघितलं, फरक नाही, म्हणजे टाकीत व्हॅक्यूम होतंय हे पण नाही. मग कॅन आणला, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवला (हे न करता असले प्रयोग करू नका, गरम इंजिनाशेजारी उघडं पेट्रोल म्हणजे चेष्टा नाही) आणि पंपाला थेट कॅनमधून पेट्रोल दिलं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं खणखणीत चालली. टाकीच्या लाइनवर परत जोडली, बंद. म्हणजे गडबड पंपाच्या मागे, त्याच लाइनमध्ये जी आम्ही दोघांनी आत्ताच क्लिअर म्हणून पास केली होती.

आणि तेव्हा मला काकांचं ते उताराचं वाक्य आठवलं. टाकी मागे, पंप पुढे. नाक खाली गेलं की टाकी पंपाच्या वर येते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने पुढे येतं. सपाटीवर पंपाला ते ओढून घ्यावं लागतं. ओढताना अडतं आणि ढकलताना अडत नाही, असं काय आहे?

खात्री करायला पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (चाक सरकू नये म्हणून लावतात ते अडथळे) लावले, मागचा भाग जॅकने जमेल तेवढा उचलून स्टँडवर ठेवला आणि गाडी सुरू केली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. स्लो ढळत नाही. खाली उतरवली, तीन मिनिटांत गप्प. पोरगा म्हणाला "ही काय भुताटकी", आणि मला मात्र हुरूप आला, कारण जो दोष आपल्या सांगण्यावरून येतो आणि जातो तो अर्धा सापडलेलाच असतो.

त्या लाइनला रबरी पाइपचे दोन तुकडे होते, एक टाकीजवळ आणि एक पंपाजवळ, मधे पत्र्याची नळी. दोन्ही सोडवले. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने एकेक ओढून बघितला. पंपाजवळच्या तुकड्यातून हवा सरळ येत होती. टाकीजवळचा जोडला, दोन-तीन दट्टे मारले आणि काटा चढला तो तिथेच थांबला, दुसरं टोक उघडं असून! तोच तुकडा तोंडाला लावून फुंकला तर फुर्र करून हवा आरपार. बाहेरून बघाल तर पाइप काळा, गुळगुळीत, एक भेग नाही, दाबला तर भरीव, ओढताना बाहेरून चपटा पण होत नव्हता. असल्या पाइपवर कोण संशय घेणार?

ब्लेडने उभा चिरला. आतलं अस्तर सालीसारखं सुटून आलं होतं, आत ओल्या पिशवीसारखं लोंबत होतं. हवा किंवा पेट्रोल दाबाने आलं की ते भिंतीला चिकटून वाट देतं, आणि ओढ लागली की आतल्या आत फुगून भोक बुजवतं. इंजिन बंद झालं की ओढ संपते, अस्तर सैल पडतं, सेल्फ मारल्यावर पंपाच्या पहिल्या ठोक्यांत थोडं पेट्रोल पुढे येऊन बाउल भरतो, म्हणून पाच-सात मिनिटांनी गाडी परत सुरू. कॉम्प्रेसरच्या हवेने तपासणं म्हणजे चोरालाच दार उघडायला सांगण्यासारखं झालं होतं. माझी चूक तीच, ज्या दिशेने आणि ज्या पद्धतीने पेट्रोल जातं तसं मी तपासलंच नाही.

अस्तर का सुटलं हे छातीठोक नाही सांगणार. बहुतेक तो पाइप पेट्रोलसाठी बनवलेलाच नव्हता, कुणीतरी मिळेल तो घातला असावा, वर कुठला मार्क दिसत नव्हता. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करतं, फुगवतं. मी आता अशा गाड्यांत एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या पाइपचं एक मानक) मार्कचा पाइपच टाकतो, आणि टाकीपासून कार्बपर्यंतचे सगळे तुकडे एकदम बदलतो.

नवे तुकडे टाकले, क्लिपा आवळल्या. काकांचा जुना पंप बाटलीवर परत तपासला, कॅनमधून ओढायला लावल्यावर एकसारखा मारत होता, मग नवा काढून त्यांचाच बसवून दिला. आणि चाचणी सपाटीवर नाही घेतली. यावेळी पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवली, मागे ओट लावले, म्हणजे नाक वर, टाकी खाली, पंपाला जास्तीत जास्त ओढावं लागेल असं. काका शेजारी स्टूल टाकून घड्याळात बघत बसले. अडीच मिनिटं गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पस्तीस मिनिटांनी त्यांनीच उठून खिडकीतून हात घातला आणि चावी मागे फिरवली.