विचारून सांगतो

२०२३ च्या जुलैमध्ये मी माझ्या एका विद्यार्थिनीसाठी नऊ दिवस घर शोधत होते. ती इथिओपियाहून शिष्यवृत्ती घेऊन सांख्यिकीत एम.एस्सी. करण्यासाठी पुण्यात आली होती. वसतिगृहात जागा उरली नव्हती आणि ज्या लॉजवर ती उतरली होती तिथले बिल तिला झेपणारे नव्हते. कोथरूड, कर्वेनगर, मॉडेल कॉलनी, औंध असे आम्ही दोघी भर पावसात हिंडलो. फोनवर मी मराठीत चौकशी केली, की जागा रिकामी असे, भाड्याचे बोलणेही होई. पण ती माझ्याबरोबर दारात उभी राहिली, की आवाज बदले आणि मुलाला, भावाला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून सांगतो, असे उत्तर मिळे. ‘विचारून सांगतो’ म्हणजे काय, हे तिने मला तिसऱ्या घराचा जिना उतरताना विचारले आणि मला पटकन उत्तर देता आले नाही.

घाईचे कारण केवळ पैसे नव्हते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला भारतात पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. म्हणजे अनोळखी शहरात उतरलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने दोन आठवड्यांत घर मिळवायचे, करार करायचा आणि कागद जोडायचे. आपल्यापैकी किती जणांना हे परक्या देशात जमेल, हा विचार त्या दिवसांत माझ्या मनातून जात नव्हता.

नकार देणारी माणसे वाईट होती असे मी म्हणणार नाही. बहुतेकांच्या बोलण्यात एकच भीती होती, की परदेशी माणूस ठेवला म्हणजे पोलिसांचे झंझट मागे लागणार. एरंडवण्यातल्या एका सत्तरीच्या आजींनी ती मोकळेपणाने बोलून दाखवली. “बाई, मुलगी चांगली दिसते, मला आवडली. पण उद्या पोलीस दारात आले तर मी एकटी काय करू?” असे त्यांनी मला विचारले, आणि नेमका प्रश्न समोर आल्यामुळे पहिल्यांदाच मला नेमके उत्तर देता आले. परदेशी व्यक्ती घरात राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने तिची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरायची असते. त्या अर्जाला फॉर्म सी म्हणत. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे, तरी घरमालकाने कळवण्याचे बंधन कायम आहे. हे बंधन पाळणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. अडचण न कळवणाऱ्याला येते.

तो अर्ज आम्ही आजींच्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला. पासपोर्टचे पान सारखे मिटत होते, म्हणून आजींनी त्यावर आपले चष्म्याचे घर ठेवले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत मला सांगितला. व्हिसाचा क्रमांक, भारतात आल्याची तारीख, आधी मुक्काम कुठे होता, हे सारे माझी विद्यार्थिनी शेजारून तपासत होती. नोंदणी करण्यापासून छायाचित्र चढवण्यापर्यंत पाऊण तास गेला. ज्या भीतीमुळे आमचे आठ दिवस वाया गेले, ती एवढ्याशा कामाची होती, याचे मला फार वाईट वाटले.

कराराला मात्र अधिक वेळ लागला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. एरवी एजंट यंत्र घेऊन घरी येतो, अंगठा आणि फोटो घेऊन जातो. पण तिच्याकडे आधार कार्ड नव्हते, त्यामुळे आजींना घेऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात प्रत्यक्ष जावे लागले. परदेशी विद्यार्थ्याला घर देणाऱ्याने या एका फेरीची तयारी ठेवावी. नोंदणी झालेली प्रत हातात आल्याशिवाय विद्यार्थ्यानेही अनामत रक्कम पूर्ण देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजींची एकच अट होती, घरात मांस-मच्छी शिजवायची नाही. अट तोंडावर सांगणारे घरमालक मला अधिक भावतात, कारण समोरच्याला निर्णय घेता येतो. तिने ती मान्य केली आणि सांगितले, की त्यांच्या चर्चच्या रीतीप्रमाणे ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करते व त्या दिवशी दूधही घेत नाही. चतुर्थी न चुकवणाऱ्या आजींना एवढे ऐकून बरे वाटले. पुढे तिने एका शुक्रवारी इंजेरा आणि शिरो केले. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचे आंबवलेले पीठ तव्यावर ओतून केलेली, जाळी पडलेली पोळी, आणि शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे तिखट कालवण. आजींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आंबोळी आणि पिठलं!”

घर शोधताना आम्ही सेनापती बापट रस्त्यावरून अनेकदा गेलो आणि तिथे मी तिला सिम्बायोसिस या शिक्षणसंस्थेची गोष्ट सांगितली होती. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काही देताना दिसली. चौकशी केल्यावर कळले, की मॉरिशसचा तो विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि ती त्याला जेवण देत होती. परदेशी मुलांच्या त्या एकटेपणातून १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली, आणि तिला नाव मिळाले ते सहजीवन या अर्थाचे. ती गोष्ट ऐकून माझी विद्यार्थिनी बराच वेळ काही बोलली नव्हती.

पुढल्या जानेवारीत ती त्यांच्या चर्चच्या, त्या महिन्यात येणाऱ्या नाताळासाठी घरी जाऊन परतली. परत आल्यावर माहिती पुन्हा भरायची असते, म्हणून मी आजींना फोन करून संध्याकाळी येते म्हटले. त्या म्हणाल्या, “कशाला येता बाई? सकाळीच भरून झाला. पासपोर्टचं पान तिनं धरलं होतं.”