लाखोळीचं प्रथिन, पाणी आणि एफटीआयआर : माझा अनुभव

लाखोळीची डाळ शिजवली की तिच्यातल्या प्रथिनाची घडी नेमकी कशी बदलते, हा माझ्या पीएचडीचा प्रश्न. आमच्या भंडारा जिल्ह्यात धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. गरिबाच्या जेवणात प्रथिन आणणारं हे पीक, पण त्यातल्या ओडॅप या विषारी अमिनो आम्लामुळे बदनाम झालं. चर्चा होते ती ओडॅपची. मला प्रथिन बघायचं होतं.

इन्फ्रारेडच (एफटीआयआर, म्हणजे नमुना कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो हे मोजणारी पद्धत) का, हे मुलाखतीत विचारलं गेलं तेव्हा माझं उत्तर सरळ होतं. शिजलेली डाळ गढूळ असते, आणि गढूळ नमुन्यापुढे प्रकाशावर चालणाऱ्या बऱ्याच पद्धती हात टेकतात. इन्फ्रारेडला स्फटिक लागत नाही, रेणूला रंग जोडावा लागत नाही, गढूळपणाही बराच चालतो. प्रथिनाच्या कण्यात प्रत्येक जोडावर कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध असतो. तो 1600 ते 1700 प्रति सेंटीमीटर (एका सेंटीमीटरात किती लहरी, हे एकक; पुढचे असे आकडे याच एककात) या पट्ट्यात इन्फ्रारेड शोषतो. त्याला अमाइड वन म्हणतात. त्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने कोणी, किती घट्ट धरलंय आणि शेजारचे बंध कसे मांडलेत, त्यावर त्याचं कंपन सरकतं. अल्फा हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखी घडी, साधारण 1655 च्या आसपास दिसतो; बीटा शीट, म्हणजे शेजारी शेजारी लागलेल्या पट्ट्यांची घडी, 1620 ते 1640 मध्ये. म्हणजे एकाच उंचवट्याच्या आत प्रथिनाच्या सगळ्या घड्या दडलेल्या असतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

अडचण अशी की पाण्याचा रेणूही 1645 च्या जवळच वाकतो, म्हणजे ऐन अमाइड वनच्या पोटात. आणि द्रावणात पाणी किती, प्रथिन किती? माझ्या नमुन्यात मिलिलीटरला दहा-पंधरा मिलिग्रॅम प्रथिन, बाकी सगळं पाणीच. "वाळवून केबीआरची टिकली कर, मोकळी हो," असा सल्ला मिळाला, म्हणजे सुका नमुना पोटॅशियम ब्रोमाइड या क्षारात दाबून मोजायचा. टिकली सोपी असते हे खरं. पण वाळवताना प्रथिनाच्या घडीतही फरक पडू शकतो. मग मी शिजलेली डाळ मोजतेय की वाळलेली? घरी सांगितलं तर आई म्हणाली, "डाळ पाण्यातच शिजते, मंग पाणी काऊन नको तुले?" तिचं म्हणणं रास्त होतं. मी पाण्यातच मोजायचं ठरवलं.

प्रथिन काढायचं काम आमच्या तालुक्याच्या कॉलेजात झालं. पिठातली तेलं काढून टाकायची, मग मिठाच्या पाण्यात ग्लोब्युलिन, म्हणजे डाळीतलं साठवणीचं प्रथिन, विरघळवायचं आणि डायलिसिसच्या (मीठ बाहेर जाऊ देणाऱ्या, प्रथिन आत ठेवणाऱ्या) पिशवीत भरून साध्या पाण्यात सोडायचं. मीठ बाहेर गेलं की ग्लोब्युलिन पांढरं होऊन खाली बसतं. मोजायला ते पुन्हा मिठाच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवून त्याच बफरमध्ये डायलिसिसला ठेवायचं. यात फार सांगण्यासारखं नाही, फक्त वीज गेली की सेंट्रीफ्यूज थांबायचं आणि आम्ही वाट बघायचो.

यंत्र नागपूरला. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नमुन्याच्या कुप्या, आणि सकाळची एसटी. प्रथिनाइतकीच जपून मी आणखी एक कुपी न्यायचे, तिच्यात नुसतं मिठाचं बफर, कारण प्रथिनाच्या रेषेतून पाण्याची रेष वजा करावी लागते. हे नव्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते. मीठ स्वतः इथे इन्फ्रारेड शोषत नाही, पण ते पाण्याची ठेवण बदलतं. म्हणून वजा करायचं पाणी त्याच मिठाचं, त्याच खेपेचं, त्याच तापमानाचं हवं. डायलिसिसच्या शेवटच्या भांड्यातलंच बफर घेतलं तर उत्तम.

यंत्रावरच्या ताईंनी मला एटीआर, म्हणजे स्फटिकावर नमुना ठेवून मोजायची रीत, शिकवलं. पोलादी पाटीच्या मधोमध हिऱ्याचा एवढासा डोळा, त्यावर एक थेंब. किरण हिऱ्याच्या आतून येऊन परततो आणि परतताना थेंबात जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर शिरतो. एवढा पातळ थर असल्यामुळेच पाणी असूनही काही दिसतं. पण मे महिन्याच्या दुपारी तो थेंब बघता बघता आटतो. कडेला आधी बारीक पांढरी किनार येते, आणि पडद्यावर अमाइड वन चढू लागतो. प्रथिन वाढलेलं नसतं, पाणी उडालेलं असतं. ताईंनी थेंबावर छोटं काचेचं झाकण ठेवलं तेव्हा रेष स्थिर झाली.

वजाबाकी हे सगळ्यात नाजूक काम. थोडं जास्त पाणी वजा केलं तर हेलिक्स गायब, कमी केलं तर नसलेला हेलिक्स हजर. 1750 ते 2000 मध्ये प्रथिनाचं काही नसतं. तिथे रेष सपाट येईपर्यंत गुणक (पाण्याची रेष किती पट वजा करायची तो आकडा) हलवायचा आणि मग हात काढायचा. अमाइड वन आपल्याला आवडेल असा दिसतोय का, हे बघून गुणक ठरवणं मला मान्य नाही. ते मोजमाप उरत नाही.

हवेतली वाफ हा दुसरा त्रास. पावसाळ्यात अमाइडच्या पट्ट्यावर वाफेच्या रेषा करवतीच्या दात्यांसारख्या उभ्या राहतात. पुढे घड्या वेगळ्या करायला सेकंड डेरिव्हेटिव्ह, म्हणजे रेष कुठे किती वळते याचं गणित, काढावं लागतं, आणि ते अरुंद रेषा फुगवून दाखवतं. म्हणून यंत्रात कोरडा नायट्रोजन सोडतात. आपला वैदर्भी उन्हाळा यासाठी चांगला असायला हवा, हवा इतकी कोरडी. पण त्याच उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो, वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा घेऊन. यंत्रातला केबीआरचा भाग दमट हवेत हळूहळू धुरकट होतो. ज्या ग्रामीण कॉलेजांना असं यंत्र मिळेल त्यांनी त्या खोलीत कूलर लावू नये, एसी नसेल तर उकाडा सहन करावा, आणि सिलिका जेल गुलाबी पडलं की त्याच दिवशी तापवून निळं करावं.

शेजारच्या वेळेत फार्मसीचा एक मुलगा पेशीच्या पडद्यावर काम करायचा. त्याचा लिपिड, म्हणजे पडदा बनवणारा चरबीचा रेणू, डीपीपीसी नावाचा. त्याची नजर 2850 वर, शेपट्यांमधल्या सीएच-टूच्या ताणावर. 41 अंशाला हा पडदा घट्ट अवस्थेतून सैल होतो आणि तो शिखर दोनेक एककांनी वर सरकतो. एवढ्याशा सरकण्यातून पडद्यात औषध शिरलं की नाही कळतं. आमच्या गावी मेच्या दुपारी सावलीत ठेवला तरी तो पडदा सैल होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझं उत्तर शेवटी मिळालं. कच्च्या ग्लोब्युलिनमध्ये मुख्य शिखर 1635 च्या आसपास, म्हणजे बीटा शीट भरपूर. डाळींच्या साठवणीच्या प्रथिनांचं असंच असतं. उकळल्यावर ते शिखर उतरलं आणि 1620 च्या जवळ नवं उभं राहिलं, सोबत 1690 जवळ छोटा जोडीदार. ही जोडी म्हणजे वेगवेगळे रेणू एकमेकांना चिकटून बनलेले बीटा शीट. शिजताना प्रथिन नुसतं उलगडत नाही, शेजाऱ्याला धरून पुन्हा नवं बसतं.

ही जोडी वजाबाकीतून आलेली नाही ना, हे तपासायला सरांनी जड पाणी मागवलं, ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम (डी) असतो. आपल्या राज्यात रायगडच्या थळला त्याचा कारखाना आहे, पण प्रयोगशाळेची छोटी बाटली महागच पडते. जड पाणी 1210 च्या जवळ वाकतं, त्यामुळे अमाइड वन मोकळा होतो. शिवाय प्रथिनातल्या उघड्या एन-एचची जागा एन-डी घेतो आणि 1550 चा अमाइड टू, म्हणजे त्या एन-एचच्या वाकण्याचा पट्टा, 1450 कडे निघून जातो. कच्च्या नमुन्यात रात्रभर ठेवूनही 1550 ला थोडा उंचवटा उरला, कारण आतल्या गाभ्यापर्यंत जड पाणी पोचलंच नाही. उकळल्यावर तोही गेला, आणि 1620 ची जोडी, किंचित खाली सरकून, जड पाण्यातही कायम राहिली. आता भिजवलेल्या, पाणी ओतून टाकलेल्या आणि वड्यांसाठी वाटलेल्या डाळीचे नमुने त्याच थर्मासमधून जात आहेत.