पावसाळ्यात बिघडलेला जेट

जुलै महिना, पुण्यात पावसाची रिपरिप. आमचा आर्गॉन प्लाझ्मा जेट म्हणजे क्वार्ट्झची बारीक नळी, मिनिटाला 3 लिटर वायू आणि टोकाशी विजेने पेटलेल्या वायूची, म्हणजे प्लाझ्माची, जांभळट ज्योत. बोट धरलं तरी भाजत नाही. ज्योतीखाली पाणी ठेवायचं आणि त्यात किती हायड्रोजन पेरॉक्साइड उतरलं ते मोजायचं, एवढंच त्या दिवशीचं काम.

टायटॅनिल सल्फेट घातलं की पेरॉक्साइड पिवळं दिसतं. (आधी सोडियम अझाइड घालावंच लागतं, नाहीतर ज्योतीमुळेच पाण्यात उतरणारं नायट्राइट आम्लात पेरॉक्साइड खाऊन टाकतं.) सकाळचा पहिला क्युव्हेट (रंग मोजायची छोटी पारदर्शक कुपी) हळदीसारखा पिवळाधमक. दुपारपर्यंत रंग पार उतरला. व्होल्टेज तेच, अंतर तेच, सिलिंडरही 99.999 टक्के शुद्धतेचा. विद्यार्थ्यांनी रसायनावर संशय घेतला, मी पॉवर सप्लायवर. ज्योतीच्या वर्णपटात मात्र 309 नॅनोमीटरची हायड्रॉक्सिलची (वाफेच्या रेणूचा तुकडा, OH) रेषाही सकाळपासून खाली खाली चालली होती. म्हणजे रसायन निर्दोष. पाण्याची वाफ आधी जास्त होती आणि आता कमी झाली होती.

"मॅडम, ही निळी नळी पाणी धरते. कॉम्प्रेसरच्या लायनीत दर पावसाळ्यात बघतो मी," आमचे वर्कशॉपचे काका म्हणाले. सिलिंडरपासून जेटपर्यंत आर्गॉन आणणारी ती नळी पॉलियुरेथेनची, म्हणजे प्लास्टिकची. रात्रभर दमट हवेतली वाफ भिंतीतून आत झिरपते आणि सकाळी कोरडा आर्गॉन सुरू झाला की तासन् तास बाहेर पडत राहते. ज्योतीत तिचे तुकडे होऊन हायड्रॉक्सिल बनतं, दोन हायड्रॉक्सिल जुळले की पेरॉक्साइड. काकांनी फेरूल आवळून स्टीलची नळी बसवली. तासाभरात आकडे खाली आले आणि तिथेच टिकले.

पोरं खूश. सर म्हणाले, "छान. आता पाणी परत घाला, पण मोजून."

खरी मजा त्यात होती. आर्गॉनच्या दोन वाटा केल्या, एक कोरडी आणि एक पाण्याच्या बबलरमधून. दोन्हींवर फ्लो कंट्रोलर. ओल्या वाटेचा हिस्सा वाढवला की पिवळा रंग गडद, कमी केला की फिका. फार वाढवला तर ज्योतच मरगळते, हेही दिसलं.

नायट्राइट मात्र अजून ऐकत नाही. त्याचा नायट्रोजन ज्योतीभोवतीच्या हवेतून येतो. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या संशोधकांनी ज्योतीभोवती वायूचा पडदा सोडून, त्यातलं नायट्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण बदलून हे साधलंय. आमच्या पडद्याचं नोझल काकांच्या लेथवर आहे.