घंटागाडी आळीत येईना तेव्हा

आमच्या आळीत घंटागाडी यायची बंद झाली, तिथून हे सगळं सुरू झालं. रोज सकाळी साडेसातला गाणं वाजवत गाडी दारात यायची आणि आई ओल्या-सुक्याचे डबे घेऊन ओट्यावर उभी असायची. एके दिवशी गाणं कोपऱ्यावरच थांबलं. दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट. तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने डबे घेऊन चौकापर्यंत चालत जायचं, नाहीतर मी घरच्या क्लासची मुलं तशीच बसवून पळायचं.

गाव तालुक्याचं आहे. नाव लिहीत नाही, कारण आळीत सगळे ओळखीचे आहेत आणि मला इथेच राहायचंय. शेजारच्या पडक्या वाड्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. मागच्या रिकाम्या जागेवर मंगल कार्यालय आलं. बांधकामाला माझा विरोध कधीच नव्हता. त्या वाड्याची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळायची, आम्ही मुलांना तिकडे फिरकू देत नसू. तिथे चांगली घरं झाली, माणसं राहायला आली, याचं मला बरंच वाटलं. प्रश्न एवढाच होता की या घरांच्या गाड्या रस्त्यावर का?

पूर्वी असं काही झालं की नगरसेवकाच्या घरी जायचं. पण नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी सरकारी प्रशासक आला. तक्रार सांगायला ओळखीचं दारच उरलं नाही. म्हणून लेखी अर्ज केला. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. मी पहिला अर्ज नुसताच टेबलावर ठेवून आले होते, तो पुढे कुणालाच सापडला नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की पार्किंग हा वाहतूक पोलिसांचा विषय आहे. पोलीस म्हणाले, रस्ता नगरपरिषदेचा, त्यांनी आधी नो-पार्किंगचे फलक लावावेत. यात साडेतीन महिने गेले.

वाट दाखवली आळीतल्याच एका निवृत्त ओव्हरसिअर काकांनी. ते म्हणाले, "गाड्यांची तक्रार करू नकोस. त्या इमारतीचा मंजूर नकाशा माग."

माहिती अधिकाराचा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. माझा पहिला मसुदा दोन पानांचा होता, त्यात घंटागाडी, आईचे गुडघे, सगळं आलं होतं. काकांनी ते सगळं खोडलं आणि तीनच गोष्टी ठेवल्या: बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी. अर्जात कुठेही 'का' असं विचारू नये, कागद मागावा, हेही त्यांनीच शिकवलं.

तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा पत्र आलं: माहिती त्रयस्थ पक्षाची, म्हणजे इमारतीच्या मालकाची आहे, त्यांची हरकत आहे, देता येत नाही. मी त्या रात्री फार खचले. पण कायद्यात पुढची पायरी आहे. तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे प्रथम अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. सुनावणी जेमतेम दहा मिनिटं चालली. मी एवढंच म्हटलं, "साहेब, हा नकाशा तुमच्याच कार्यालयाने मंजूर केलाय. तो पाळला जातो की नाही हे शेजाऱ्याने कशावरून ठरवायचं?" प्रती देण्याचा आदेश झाला.

नकाशा घरी आणून जमिनीवर पसरला. तळमजल्यावर दुकानांच्या मागे मोकळा खांबांचा भाग होता आणि त्यात सात मोटारी, बावीस दुचाकी आखून दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात तिथे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर पाच शटर बसवून गाळे काढले होते.

आता तक्रार अर्ध्या पानाची झाली. मंजूर नकाशाची प्रत, शटरचे फोटो आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ प्रमाणे बेकायदा बांधकामावर कारवाईची विनंती. महिनाभरात मोजमाप झालं आणि मालकाला नोटीस गेली.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यांत जड गेले. मालक माझ्या भावाचा वर्गमित्र. घरी येऊन म्हणाला, "ताई, आधी मला सांगायचं होतं." मी दोनदा सांगितलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं. त्याहून अवघड होता त्या पाचांपैकी एका शटरमध्ये मोबाइल दुरुस्तीचा गाळा चालवणारा मुलगा. माझ्याच क्लासमध्ये दहावीला होता. त्याने डिपॉझिट भरलं होतं, त्याला नकाशाबिकाशा काही माहीत नव्हतं. तो माझ्याशी बोलायचा थांबला. त्याचं नुकसान मी अजूनही विसरलेले नाही. पण ती जागा मुळात भाड्याने देण्यासारखी नव्हतीच, असं मी आजही म्हणेन.

मंगल कार्यालयाचा आवाज हे दुसरं प्रकरण. फेब्रुवारीत दहावीच्या तोंडावर डीजे लागला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, मुलांना कानात कापूस घालून प्रमेय सोडवायला लागायचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ११२ वर फोन केला की पोलिसांची गाडी यायची, आवाज उतरायचा, गाडी वळली की परत चढायचा. शिवाय दुसऱ्या दिवशी कार्यालयवाल्याला माझं नाव माहीत असायचं. तेव्हा मला मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६ चा निकाल कळला, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरचा. तक्रारदाराचं नाव उघड करू नये, असं त्यात पोलिसांना स्पष्ट बजावलंय. तो उल्लेख करून, अकरा रात्रींच्या तारखा आणि वेळा लिहून, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना अर्ज दिला. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर मी विसंबले नाही, तारीख-वेळेची वही ठेवली. पुढच्या हंगामात दहानंतर डीजे वाजला नाही. दिवसाचा आवाज मात्र तसाच आहे.

मालकाने शटर नियमित करून मिळावीत म्हणून अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. चार शटर निघाली, पाचव्यावर कोर्टाची स्थगिती आहे. मोबाइलवाल्या मुलाला बसस्टँडजवळ गाळा मिळाला. मागच्या महिन्यात माझा फोन तिथेच टाकला, त्याने पैसे नीट मोजून घेतले आणि "आजी बऱ्या आहेत का?" म्हणून विचारलं.

घंटागाडी आता दारापर्यंत येते. लग्नाची तिथी असली की अजूनही कोपऱ्यावरच थांबते. आईने कॅलेंडरवर त्या तारखांना पेन्सिलने गोल करून ठेवलेत.