बाळाला कोण बघणार?

दिवाळी झाली की कोल्हापूरच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड, नगर, जालना अशा लांबच्या जिल्ह्यांतली माणसं. माळावर ताडपत्रीच्या खोपी उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात आणि पुढचे चार-पाच महिने तेच त्यांचं गाव. पंचगंगेपलीकडच्या अशाच एका तळावर आम्ही विद्यार्थी मुलांना शिकवायला जातो. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, पाचला सायकल काढायची ती थेट तळावर. अंधार पडायच्या आत पाढे, वाचन, एखादं गाणं. रात्री मेस बंद व्हायच्या आधी वसतिगृहात परत. वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, अभ्यास कधी करतेस? होतो. पहाटे होतो.

पण तासाभराच्या पाढ्यांना शाळा म्हणत नाहीत. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तळापासून चालत दहा मिनिटं. या मुलांनी तिथंच बसावं, असं आमचं म्हणणं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय: सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. जानेवारीत आम्ही तळावरच्या मुलांची यादी करून मुख्याध्यापकांना दिली. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, "दाखल्याचं बघू मागनं. पोरं तेवढी घेऊन या."

यादीत पहिलं नाव एका दहा वर्षांच्या मुलीचं होतं. तिचं खरं नाव इथं लिहीत नाही. टोळीत सगळे तिला आक्का म्हणायचे. गावाकडं चौथीत होती. मी तिला कधी रिकामी पाहिली नव्हती. कडेवर दीड वर्षाचा भाऊ कायम. एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं पाटीवर लिहायची, आणि तो रडायला लागला की लिहिता लिहिता कंबर हलवत राहायची. अक्षर मात्र सरळ रेषेत.

त्या सोमवारी मला सकाळची सुट्टी होती. तळावर गेले तर आक्का तयार होऊन बसलेली. केस ओले, घट्ट दोन वेण्या, कडेवर कोणी नाही.

"बाळ कुठंय गं?"

"हाय की. आजीपाशी."

टोळीत एक म्हातारी होती, तिचं नाव तिनं घेतलं. मला बरं वाटलं. आम्ही पाचजण शाळेत गेलो. चौथीच्या बाईंनी आक्काला पुढच्या बाकावर बसवलं आणि पुस्तक हातात दिलं. तिनं अख्खा धडा न अडखळता वाचला, तिच्या बीडकडच्या हेलात. मागं दोघंतिघं हसली, तेव्हा बाई म्हणाल्या, "हसायला काय झालं? ती तिच्या गावचं बोलते, तुम्ही तुमच्या गावचं." मी खिडकीशी उभी होते. तिची मान ताठ झालेली तिथूनही दिसली.

दुपारी खिचडी वाढली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, असं पोषण आहाराचं प्रमाण आहे. आक्कानं ताट घेतलं, चार घास खाल्ले, मग इकडं तिकडं बघून उरलेली खिचडी ओढणीच्या टोकात बांधली आणि फाटकातून बाहेर. पळतच. मी मागोमाग गेले.

तळावर त्या वेळी कुणी नसतं. बायका पहाटे चारला उठून भाकरी थापतात आणि उजाडायच्या आत फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, जातात. म्हातारीही त्या दिवशी वाढे, म्हणजे गुरांना घालायचे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला गेली होती. आक्काच्या खोपीत, मधल्या मेढीला, तिचा भाऊ बांधलेला होता. जुन्या लुगड्याचा काठ, एक टोक मेढीला, दुसरं त्याच्या उजव्या घोट्याला. खाली गोधडी, शेजारी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. काठ लांब सोडलेला होता, चुलीपर्यंत पोचणार नाही इतकाच. घोट्याभोवती आधी फडकं गुंडाळलं होतं, काचू नये म्हणून. तरी कातडी लाल झाली होती. तो रडत नव्हता. रडून झालं होतं.

आक्कानं गाठ सोडली, त्याला मांडीवर घेतलं आणि ओढणीतली खिचडी बोटांनी कुस्करून भरवायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाईला सांगू नगा, ताई. उद्या येते की मी. हा काय करत न्हाई, झोपतो."

मी तिथंच खाली बसले. माझ्या फोनमध्ये १०९८ हा नंबर सेव्ह आहे, आमच्या सगळ्यांच्याच आहे. मूल संकटात असेल तर चाइल्ड हेल्पलाइन. या मुलाला मदत हवीच होती. पण त्याला बांधणारी आई दीड किलोमीटरवर कोयता चालवत होती, आणि तिनंच ते फडकं घोट्याला गुंडाळलं होतं. आमच्या गटातले सर अशा कामात बरीच वर्षं आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आज तू तिथंच थांब. संध्याकाळी आईशी बोलू. मग ठरवू."

आई अंधार पडल्यावर आली. केसांत, मानेवर उसाचं कूस. तिनं आधी पोराला पाजलं, मग बोलली.

"बांधलं न्हाई तर हिरीत जाईल. रस्त्यानं दिसभर ट्रॅक्टर चालतेत. फडात न्यावं तर पाचट, त्यात काय काय असतंय. पोरीला शाळंत धाडा म्हणता, धाडते. पर ह्याला कोन बघंल, ते तुमी सांगा."

आमच्याकडं उत्तर नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांच्या मिळून कामावर घेतलेली असते. २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. दोघांनी दिवसाला दोन टन तोडला तरी हिशेब उचलीतच वळता होतो, आणि खाडा पडला तर टोळी आणणारा मुकादम उलट पैसे कापतो. तिनं घरी थांबायचं म्हणजे अर्धा कोयता मोडायचा. अंगणवाडीत मुलं बसतात ती तीन ते सहा वर्षांची. त्याहून लहान मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळत नाहीत. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीचं शिक्षण दीड वर्षाच्या मुलावर अडतं, आणि सरकारी कागदात ही दोन मुलं दोन वेगळ्या खात्यांत असतात.

आमच्यातला एकजण चिडून म्हणाला, अशा आईबापांना दंडच करायला हवा, शाहू महाराजांनी केला होता. खरं आहे, १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पण त्याच महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, कारण खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर झोपणार कुठं आणि जेवणार कुठं, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवायला घेतला. मी आज वसतिगृहात राहून शिकते, म्हणून मला हे जवळून कळतं. माझी झोपायची सोय नसती तर माझ्या वडिलांना दंड करून मी एमएस्सी झाले असते का? आक्काची अडचण तिच्या कडेवर होती. सोय तिथूनच करायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात धावपळ झाली. चौथीच्या बाईंना सगळं सांगितलं, आक्काला विचारूनच. त्या म्हणाल्या, "तोवर आण की त्याला इथं." आणि खरंच, बाकाशेजारी सतरंजी घालून दिली. तो फळ्याकडं बघत खडू खायचा. मुलांना त्याचं फार कौतुक. पण एका वर्गात अशी चार बाळं बसवता येत नाहीत, आणि टोळीत तेवढी होती. सरांनी सरपंचांना गाठलं. समाजमंदिराची एक खोली हंगाम संपेपर्यंत मिळाली. वाढे गोळा करणाऱ्या म्हातारीनं बाळं सांभाळायचं कबूल केलं, आम्ही वर्गणी काढून तिला रोजची मजुरी द्यायची या बोलीवर. वाढे विकून तिला जेवढे सुटत होते त्याहून थोडे जास्त. अंगणवाडीच्या ताईंनी सगळ्या बाळांची वजनं केली. दोन बाळं फार हलकी निघाली, त्यांना दवाखान्यात दाखवलं. आम्ही मुलींनी सकाळच्या पाळ्या लावून घेतल्या. माझ्या वाट्याला गुरुवार आला, आणि त्या दिवशीचं लेक्चर मी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेते.

सगळं जमलं असं नाही. फेब्रुवारीत टोळीतल्या काही जोड्यांना लांबच्या फडावर हलवलं, त्यांची मुलं त्यांच्याबरोबर गेली. एका वडिलांनी पोराला खोलीत ठेवायला साफ नकार दिला, अनोळखी गावात विश्वास कुणावर ठेवायचा म्हणून, आणि त्यांचं मला चूक वाटत नाही. आक्काची हजेरी मात्र टोळी जायच्या आठवड्यापर्यंत लागली. निघताना बाईंनी तिच्या गावच्या शाळेला पत्र लिहून दिलं, हजेरी आणि चाचणीच्या गुणांसह. ते तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवलं. पोचल्यावर तिच्या वडिलांच्या फोनवरून तिनं बाईंना कळवलंही, पत्र गुरुजींना दिलं म्हणून.

येत्या हंगामात शाळेच्या यादीआधी तीन वर्षांखालच्या मुलांची यादी करायची, असं आम्ही ठरवलंय. समाजमंदिराच्या खोलीसाठी ग्रामपंचायतीला अर्जही दिवाळीच्या आधीच द्यायचा आहे. तो मी लिहायला घेतलाय.